एएनबी सहा की साडेचार? कवटीच्या एक्स-रेवरून जबडा मोजताना

इंदुरात रामबागेत राहणाऱ्या आणि भूमापनाच्या कामात असलेल्या एका गृहस्थांनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीबद्दल विचारले आहे. मुलीचे वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या ८ मिमी पुढे आहेत. जानेवारीत एका ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्याने, तिच्या कवटीचा बाजूने एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफॅलोग्राम, काढून घेतला आणि त्यावर हाताने ट्रेसिंग केले. त्या अहवालात एसएनए ८१ अंश, एसएनबी ७५, एएनबी ६, एफएमए ३१ आणि विट्स अधिक ४ मिमी असे आकडे आहेत; त्यांचे अर्थ पुढे येतीलच. ‘खालचा जबडा मागे आहे, वाढीचे वय आहे तोवर ट्विन ब्लॉक (खालचा जबडा पुढे आणणारे ठोकळ्यांचे उपकरण) लावू,’ असे त्या डॉक्टरांनी सांगितले. मार्चमध्ये दुसऱ्या ठिकाणी पुन्हा एक्स-रे झाला. संगणकाने एसएनए ८०, एसएनबी ७५.५, एएनबी ४.५ आणि विट्स ० असे आकडे दिले, आणि तिथल्या डॉक्टरांचे मत पडले की जबडे ठीक आहेत, चौदाव्या वर्षी तारा लावल्या की भागेल. दोन महिन्यांत जबडा बदलला की कोणाचे मोजमाप चुकले, आणि दोनदा किरणे दिल्याने काही अपाय झाला का, असा त्यांचा प्रश्न आहे.

निष्कर्ष आधी सांगतो, कारणे मागाहून. जबडा बदललेला नाही आणि मोजमापही बहुधा कोणाचे चुकलेले नाही. दोन अहवालांतला फरक मुलीच्या चेहऱ्यात नसून कागदावरचे बिंदू आणि रेषा कुठे धरल्या यात आहे. निष्कर्षांपुरते बोलायचे तर मला पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे अधिक पटते, कारण दुसरे मत ज्या विट्सच्या शून्यावर उभे आहे तो आकडा अकराव्या वर्षी सर्वांत डळमळीत असतो. मुलीला समोर बसवून तपासल्याशिवाय यापुढे जाऊन ‘हेच करा’ असे मी सांगणार नाही, पण तपासणीत काय पाहायला हवे ते मात्र सविस्तर सांगतो.

आपण भूमापक आहात हे वाचून मला बरे वाटले, कारण आमचे हे शास्त्र मुळात मोजणीचेच आहे. मानववंशशास्त्रज्ञ कोरड्या कवट्या मोजत असत आणि त्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने ठेवाव्यात म्हणून १८८४ साली फ्रँकफर्ट इथे एक आडवी पातळी ठरली. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांना जोडणारी ती पातळी आम्ही आजही फ्रँकफर्ट प्लेन म्हणूनच वापरतो. जिवंत माणसाची कवटी तशी हातात घेता येत नाही. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, डोके एका चौकटीत स्थिर धरून ठरलेल्या अंतरावरून एक्स-रे काढण्याची रीत मांडली. आपल्या मुलीच्या दोन्ही कानांत ज्या प्लॅस्टिकच्या दांड्या अडकवल्या होत्या त्या त्याच रीतीच्या. क्ष-किरणांचा उगम डोक्याच्या मध्यापासून ५ फुटांवर असतो. डोक्याचा मध्य आणि फिल्म यांत साधारण १५ सेमी अंतर पडत असल्यामुळे प्रतिमा सुमारे १० टक्के मोठी उमटते. दोन यंत्रांमध्ये हे प्रमाण थोडे वेगळे असते. सगळीच प्रतिमा सारखी मोठी झाल्याने कोनांना त्याचा धक्का लागत नाही, मिलिमीटरमधली मापे तेवढी बदलतात, आणि म्हणूनच एक्स-रेच्या कडेला एक पट्टी छापलेली असते.

आता आपल्या अहवालातले बिंदू पाहू. एस म्हणजे सेला, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी ज्या खोबणीत बसते तिचा मध्य. एन म्हणजे नेझिअन, कपाळाचे हाड आणि नाकाचे हाड जिथे सांधते तो पुढचा बिंदू. ए हा वरच्या जबड्याच्या पुढच्या वक्राचा सर्वांत खोल बिंदू, आणि बी हा खालच्या जबड्यावर हनुवटीच्या वर तसाच. थिओडोलाइट नेझिअनवर उभा केला आहे असे समजा. मागे सेलाकडे दुर्बीण लावून शून्य धरले आणि तिथून ए कडे वळवली की एसएनए मिळतो, बी कडे वळवली की एसएनबी, आणि या दोहोंची वजाबाकी म्हणजे एएनबी. १९५३ साली स्टायनर यांनी मांडलेल्या पद्धतीत या तिघांची आदर्श मूल्ये ८२, ८० आणि २ अशी आहेत. ऑर्थोडॉन्टिक्सच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ही झोपेतही सांगता येतात, आणि त्यातच थोडा धोका आहे.

चौकीपासून खुणेपर्यंतचे अंतर कमी असले की खूण जराशी हलली तरी कोन किती बदलतो, हे आपल्याला मी सांगायला नको. नेझिअनपासून ए बिंदू साधारण ५५ मिमी खाली असतो आणि बी साधारण ९५ मिमी. ५५ मिमीवर खूण १ मिमी पुढेमागे झाली की कोन एका अंशाने बदलतो, आणि ९५ मिमीवर तेवढ्याच चुकीने सुमारे ०.६ अंशाने. हा हिशेब आपल्या मुलीच्या अहवालांना लावून पाहा. एसएनए ८१ वरून ८० झाला म्हणजे ए बिंदू एकाने दुसऱ्यापेक्षा १ मिमी मागे ठेवला. एसएनबी अर्ध्या अंशाने वाढला म्हणजे बी बिंदू १ मिमीहूनही कमी पुढे गेला. ६ आणि ४.५ या आकड्यांमध्ये भासणारी दरी एवढीच आहे, अणकुचीदार पेन्सिलच्या दोन-तीन रेघांच्या जाडीची. त्यातही ए बिंदू हा ठळक असा कोपरा नव्हे, एका सौम्य वक्राचा तळ आहे. त्यावर गालाच्या मऊ भागाची सावली पडते, आणि वरच्या पटाशीच्या दातांची मुळे पुढे झुकलेली असतील तर तिथले हाडही फुगीर दिसते. मी स्वतः एकच फिल्म आठवड्याच्या अंतराने दोनदा ट्रेस केली तर एएनबीत अर्ध्या-एक अंशाचा फरक पडतो, आणि हे काम मी पंचवीसहून अधिक वर्षे करतो आहे. बामरिंड आणि फ्रँट्झ यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले होते की प्रत्येक बिंदूच्या चुकीला स्वतःचा असा आकार असतो. काही बिंदू आडव्या दिशेने नेमके सापडतात पण उभ्या दिशेने सरकतात, काहींचे उलट असते. सेला बहुतेकांना एकाच जागी सापडतो. जबड्याचा मागचा कोन, म्हणजे गोनिअन, आणि खालच्या पटाशीच्या मुळाचे टोक मात्र दहा जण दहा ठिकाणी ठेवतात.

ही झाली चुकीची बाब. याहून महत्त्वाची बाब अशी की कोन अगदी अचूक मोजला तरी तो ज्याचे माप म्हणून सांगितला जातो त्याचेच माप असतो असे नाही. एएनबी हा ‘जबड्यांचा’ कोन म्हणवतो, पण त्याच्या तीन बिंदूंपैकी ज्यावर सगळे फिरते तो नेझिअन कोणत्याच जबड्यात नाही. आलेखाचा कागद घ्या. नेझिअनमधून एक उभी रेषा काढा. तिच्यावर ५५ मिमी खाली येऊन ए बिंदू रेषेच्या ४ मिमी पुढे मांडा आणि ९५ मिमी खाली बी बिंदू ३ मिमी मागे मांडा. कोन बरोबर ६ अंशांच्या जवळ येईल. आता ए आणि बी यांना हात न लावता फक्त नेझिअन ३ मिमी पुढे न्या, जसा तो कपाळ पुढे असलेल्या एखाद्या व्यक्तीत असतोच. पुन्हा कोन मोजा. तो साडेचारच्या थोडा वर भरेल. जबडे दोन्ही वेळा तेच आहेत, एकमेकांपासूनचे अंतरही तेच आहे, फक्त निरीक्षक तीन पावले सरकला. शिवाय मूल वाढताना कपाळातली पोकळी मोठी होत जाते आणि नेझिअन स्वतःच पुढे सरकतो.

आम्ही माळव्यातली माणसे हे उज्जैनच्या उदाहरणावरून चटकन समजू शकतो. जुन्या भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनमधून जात असे. त्या हिशेबाने इंदूरचे रेखांश जवळजवळ शून्यच येते, तर ग्रिनिचहून मोजले की तेच सुमारे ७६ अंश पूर्व होते. राजवाडा काही जागचा हलत नाही. अहवालात आकडा वाचताना तो कोणत्या रेषेपासून मोजला आहे हे विचारायचे राहून गेले, की वाद सुरू होतात.

एसएनए आणि एसएनबी यांनाही हीच मर्यादा आहे. त्यांची मूळ रेषा एस-एन ही फ्रँकफर्ट प्लेनशी सरासरी ६-७ अंशांनी चढती असते. एखाद्याचा सेला खाली असला की ही चढण वाढते आणि दोन्ही कोन लहान येतात, मग जबडे जागच्या जागी असूनही ‘दोन्ही जबडे मागे’ असा अहवाल छापला जातो. अशा वेळी मी फ्रँकफर्ट प्लेनला नेझिअनमधून लंब टाकतो आणि ए बिंदू त्याच्या किती पुढे-मागे आहे ते पाहतो. ही मॅकनमारा यांची १९८४ सालची रीत. आपल्या मुलीचा एसएनए ८०-८१, म्हणजे आदर्शाच्या अगदी जवळ आहे, आणि दोन्ही अहवालांत एसएनबी मात्र ७५ च्या आसपासच आहे. एएनबीवरून भांडणाऱ्या दोन अहवालांचे खालच्या जबड्याबाबत एकमत आहे, आणि तुम्हाला हे दोघांपैकी कोणी दाखवलेले दिसत नाही. लंब टाकून ए बिंदू जागेवर आढळला तर ‘खालचा जबडा मागे’ हा निष्कर्ष बराच पक्का होईल.

नेझिअनची ही अडचण टाळावी म्हणूनच विट्स आले. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात जेकबसन यांनी १९७५ मध्ये ते मांडले आणि विद्यापीठाच्या नावाच्या लघुरूपावरून त्याला विट्स म्हणतात, त्यामुळे कोणी विट्स नावाचे गृहस्थ शोधू नयेत. त्यात कवटी सोडून दिली जाते. वरच्या आणि खालच्या दाढा-उपदाढा मिटल्यावर जिथे एकमेकींना भिडतात तिथून एक रेषा काढायची, ए आणि बी पासून तिच्यावर लंब टाकायचे, आणि दोन्ही पायथ्यांमधले अंतर मोजायचे. ए चा पायथा पुढे असला तर अधिक, मागे असला तर उणे. स्त्रियांत हे अंतर साधारण शून्य आणि पुरुषांत उणे १ मिमी असावे, असे जेकबसन यांचे म्हणणे.

पण नेझिअनपासून सुटका झाली ती दाढांच्या हवाली होऊन. मघाच्याच आलेखाच्या कागदावर, ए आणि बी तिथेच ठेवून, पुढे उतरती अशी एक रेषा आडव्या पातळीशी १० अंशांचा कोन करून काढा आणि लंब टाका. विट्स शून्य येईल. तीच रेषा ४ अंशांवर आणा, विट्स अधिक ४ मिमी येईल. ए आणि बी मध्ये साधारण ४० मिमीचे उभे अंतर असल्याने रेषेचा एकेक अंश विट्सला ०.७ मिमीने हलवतो. आपल्या दोन अहवालांतला शून्य आणि अधिक चार यांचा फरक अशाच सहा अंशांत बसतो. सहा अंशांचा फरक अकराव्या वर्षी सहज पडतो, कारण या वयात दुधाच्या दाढा पडत असतात, उपदाढा अर्ध्या वर आलेल्या असतात, आणि ज्या दातांवरून रेषा काढायची तेच दात पुरते जागेवर नसतात. एक डॉक्टर पहिल्या कायमच्या दाढा आणि शेजारची उपदाढ धरतो. संगणकाची आज्ञावली पुढच्या दातांच्या मधोमध एक टोक ठेवून रेषा ओढते. ज्याचे वरचे दात ८ मिमी पुढे आहेत त्याच्यात या दोन रेषा एक होणे अशक्यच. म्हणून या वयाच्या मुलांत मी विट्स पाहतो, लिहून ठेवतो, पण उपचाराचा निर्णय त्यावर टांगत नाही. एएनबी आणि विट्स दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तेव्हाच मी निर्धास्त होतो; ते एकमेकांविरुद्ध बोलू लागले की मी आकडे बाजूला ठेवून फिल्मकडे परत जातो. २००४ मध्ये बेटा कोन नावाचे एक मोजमाप पुढे आले, ज्यात नेझिअनही नाही आणि दाढांची रेषाही नाही, मात्र जबड्याच्या सांध्याच्या टोकाचा मध्य शोधावा लागतो आणि तिथे कवटीची इतकी हाडे एकमेकांवर येतात की माझ्या मते एक अडचण टाळून दुसरी पत्करली जाते.

आदर्श मूल्यांबद्दलही एक स्पष्टीकरण द्यायला हवे. डाउन्स यांनी १९४८ मध्ये ज्या आकड्यांवर आपले पृथक्करण उभारले ते १२ ते १७ वयाच्या वीस गोऱ्या अमेरिकन मुलामुलींचे होते, सगळे उत्तम दातांचे. आपल्याकडच्या चेहऱ्यात दात आणि ओठ त्यांच्यापेक्षा थोडे पुढे असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. शिवाय वयाचाही भाग असतो, कारण खालचा जबडा वरच्यापेक्षा उशिरापर्यंत वाढत राहतो आणि एएनबी वयाबरोबर थोडा कमी होत जातो. अकराव्या वर्षी एएनबी ४ असला म्हणून मी पालकांना घाबरवत नाही. ६ असेल आणि दात ८ मिमी पुढे असतील तर ते फक्त वयावर सोडत नाही.

आकड्यांवर विसंबून मी स्वतः कसा फसलो तेही सांगतो, कारण त्यात आपल्यालाही उपयोगी पडेल असा एक मुद्दा आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत धारहून एक नऊ वर्षांचा मुलगा आला. खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे, एएनबी उणे २. मी फिल्म तपासली, बिंदू नीट होते, कोन नीट होता, आणि आईवडिलांना सांगून टाकले की वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क रात्रंदिवस जवळजवळ वर्षभर लावावा लागेल. आजी सोबत होती. ती म्हणाली, ‘अहो डॉक्टर, झोपेत याची हनुवटी एवढी पुढे नसते हो.’ मी ते हसण्यावारी नेले. पुढच्या खेपेला मेणाचा चावा घेताना त्याला हळूच, जीभ टाळूला लावून तोंड मिटायला सांगितले, आणि पुढचे दात एकमेकांच्या धारेवर येऊन थांबले. मग दाढा भिडाव्यात म्हणून त्याने खालचा जबडा जवळजवळ ३ मिमी पुढे सरकवला. एक्स-रे त्याने सरकवलेल्या जबड्याचा होता. ९५ मिमीवर ३ मिमी म्हणजे सुमारे १.८ अंश, उणे २ चे जवळजवळ शून्य झाले. वरच्या दोन दातांना पुढे ढकलणारी स्प्रिंग असलेली साधी काढता-घालता येणारी प्लेट पुरेशी ठरली. तेव्हापासून मी एक्स-रे कक्षात मुलाला ‘दाढा मिटून घे’ असे म्हणण्यापूर्वी तोंड मिटण्याचा मार्ग पाहून घेतो.

आपल्या मुलीच्या बाबतीत उलटी शक्यता तपासावी लागेल. कधी कधी पुढे आलेल्या दातांमुळे मूल जबडा पुढे काढून बसते आणि एक्स-रेतही तसेच बसते, मग खरा फरक अहवालात दिसतो त्याहून मोठा असतो. फिल्मवर दाढा पूर्ण मिटलेल्या आहेत का आणि खालच्या जबड्याची खालची कड एकच दिसते की दोन, हे डॉक्टरांना विचारा. दोन समांतर कडा थोड्या दिसणे स्वाभाविक आहे, कारण फिल्मपासून दूरची बाजू अधिक मोठी उमटते. पण त्या खूप फाकल्या असतील तर डोके चौकटीत वळलेले होते, आणि त्या फिल्मवर विसंबू नये.

एफएमए ३१ हा आकडा कोणीच समजावून सांगितला नाही असे आपल्या पत्रावरून दिसते. खालच्या जबड्याची कड फ्रँकफर्ट प्लेनशी जो कोन करते तो हा. ट्वीड यांच्या हिशेबात तो २५ असावा. ३१ म्हणजे चेहरा पुढे वाढण्यापेक्षा खाली वाढण्याकडे झुकलेला. असा जबडा वाढतो तेव्हा हनुवटी खाली-मागे जाते. ट्विन ब्लॉक लावून दाढा अनावश्यक वर येऊ दिल्या तर जबडा आणखी खाली फिरतो आणि पुढे नेण्याची सगळी मेहनत खाली जिरते. ट्विन ब्लॉक लावूच नये असा याचा अर्थ नाही, पण ठोकळ्यांची उंची आणि दाढांवरचा दाब यांकडे लक्ष देणारे हात हवेत. या उपकरणाकडून काय मिळते याचीही कल्पना असू द्या. एसएनबीत मिळणारा फायदा सहसा एक-दोन अंशांच्या पलीकडे जात नाही, बाकीची सुधारणा वरचे दात मागे आणि खालचे पुढे झुकून होते. आठव्या-नवव्या वर्षीच सुरुवात केल्याने शेवटी जबडा अधिक लांब होतो असे आढळलेले नाही, पुढे आलेले दात पडून-आपटून तुटण्याचा धोका मात्र लवकर उपचाराने कमी होतो. तुमची मुलगी सायकल चालवत असेल किंवा खो-खो खेळत असेल तर ८ मिमी पुढे असलेल्या दातांसाठी हे कारण पुरेसे आहे.

वाढीचा जोर कधी येणार हे त्याच एक्स-रेवर मानेच्या मणक्यांवरून कळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेला खोलगटपणा आलेला असेल आणि चौथ्याला अजून नसेल, तर जबड्याच्या वाढीचा उच्चांक साधारण पुढच्या वर्षभरात येण्याची शक्यता असते, आणि ट्विन ब्लॉकसाठी हाच काळ उत्तम. मुलींमध्ये तो मुलांच्या आधी येतो. चौदाव्या वर्षापर्यंत थांबण्याच्या सल्ल्याशी माझे मतभेद मुख्यतः इथे आहेत, कारण तोवर बहुतेक मुलींची ही संधी निघून गेलेली असते. त्यानंतर तारा लावून दातांची ठेवण झाकता येते, आणि हनुवटी खूपच मागे असेल तर शस्त्रक्रियेखेरीज उपाय उरत नाही.

दोनदा दिलेल्या किरणांची काळजी करू नका. अशा एका डिजिटल एक्स-रेमधून मिळणारी मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट असते, म्हणजे आपल्याला घरबसल्या जमिनीतून आणि आकाशातून एका दिवसात जेवढी मिळते त्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तरीही तिसरा एक्स-रे आता नको, कारण त्यातून नवे काही कळणार नाही. दोन्ही केंद्रांतून मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. आपण मला खिडकीला टेकवलेल्या फिल्मचा मोबाइलवरचा फोटो पाठवलात, पण तिरप्या धरलेल्या फोनमुळे उंची-रुंदीचे प्रमाण बिघडते आणि कोनही बिघडतात, म्हणून त्यावर मी काहीही मोजलेले नाही. संगणकाने बिंदू शोधण्याला माझा विरोध नाही. सेला, नेझिअन तो झटकन आणि चांगले शोधतो. न फुटलेल्या दातांच्या गर्दीत आणि दुहेरी कडांपाशी तो चुकतो, आणि चुकला तरी आकडा दशांशासह छापतो, त्यामुळे तो अधिक खरा वाटतो. बिंदू माणसाने तपासून सरकवले आहेत का एवढे विचारले की पुरे.

तपासणीत एक गोष्ट आग्रहाने करून घ्या, ती आपण घरीही पाहू शकता. मुलीला खिडकीसमोर सरळ, दूरवर नजर ठेवून बसवा आणि बाजूने पाहा. मग तिला खालचा जबडा हळूहळू पुढे आणायला सांगा, इतका की वरचे-खालचे पुढचे दात जवळपास धारेला धार येतील, आणि ओठ मिटायला सांगा. तेव्हा चेहरा भरलेला आणि ओठ सहज मिटलेले दिसले तर कमतरता खालच्या जबड्यात आहे आणि त्याला पुढे आणणाऱ्या उपकरणाचा उपयोग होईल. उलट तोंड पुढे आल्यासारखे आणि ओठ ताणलेले दिसले तर दोष वरच्या दातांत किंवा वरच्या जबड्यात शोधावा लागेल, आणि मग उपचारही वेगळा. दोन्ही डॉक्टरांपैकी जो हे करून पाहील आणि दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी लावून ए बिंदू आणि दाढांची रेषा कुठे धरली ते बोटाने दाखवील, त्याच्याकडे उपचार सुरू करायला माझी हरकत नाही.

दरम्यान आजपासून दर तीन महिन्यांनी मुलीची उंची मोजून दाराच्या चौकटीवर तारखेसह खूण करत जा. सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून. दोन खुणांमधले अंतर एकदम वाढलेले दिसले की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा.